डोंगर भिंगाखाली धरणारा माणूस: हेन्री क्लिफ्टन सॉर्बीचं प्रकरण

१८४९ साली इंग्लंडमधल्या शेफील्डला राहणाऱ्या, विशीतल्या एका तरुणाने दगडाची ढलपी हाताने घासून घासून इतकी पातळ केली की तिच्यातून उजेड आरपार जाऊ लागला. मग त्याने ती काचपट्टीवर बसवून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली. तो कुठे प्राध्यापक नव्हता, खाणीवर किंवा सरकारी सर्वेक्षणात नोकरीला नव्हता, आणि त्याने हे काम करावं असं त्याला कोणी सांगितलंही नव्हतं. भूशास्त्र शिकणारा प्रत्येक विद्यार्थी आज ज्याला ‘थिन सेक्शन’ म्हणतो, त्या पद्धतीची सुरुवात इथे धरली जाते. तरुणाचं नाव हेन्री क्लिफ्टन सॉर्बी.

त्याच्या कामाचे तीन-चार वेगळे इतिहास सांगता येतात. खडकांचा आहे, पोलादाचा आहे, रंगद्रव्यांचा आणि समुद्री प्राण्यांचाही आहे. मला रस आहे तो त्या सगळ्यांच्या मुळाशी असलेल्या एकाच परिस्थितीत. एक हौशी माणूस स्वतःच्या पैशाने, स्वतःच्या हाताने, कोणालाही जाब न देता साठ वर्षं स्लाइड बनवत राहतो. अशा माणसाला काय साधतं आणि त्याच्या हातून काय निसटतं, हे सॉर्बीइतकं स्पष्ट दुसऱ्या कोणाच्या आयुष्यात क्वचितच दिसतं.

घर आणि पैसा

सॉर्बीचा जन्म १० मे १८२६ चा. घराणं शेफील्डमधलं, धारदार अवजारं बनवणारं. त्याच्या पूर्वजांपैकी एक जण १६२४ मध्ये तिथल्या कटलरांच्या संघाचा पहिला प्रमुख होता. सॉर्बी एकुलता एक. १८४७ मध्ये वडील वारले आणि एकविशीच्या सुमारासच त्याच्या हाती एवढी मिळकत आली की आयुष्यात पोटासाठी काम करायची गरज उरली नाही. तो विद्यापीठात गेला नाही, त्याने लग्नही केलं नाही. ब्रूमफील्ड नावाच्या घरात तो आईसोबत राहिला आणि तिथेच त्याने प्रयोगशाळा थाटली.

परीक्षा पास होण्यासाठी आपण शिकलो नाही, स्वतंत्र संशोधनाला लायक व्हावं म्हणून शिकलो, असं त्याने पुढे सांगितलं. घरी येणाऱ्या खाजगी शिक्षकाकडून गणित आणि विज्ञान शिकणं, चित्रकला शिकणं, रसायनाचे प्रयोग करून पाहणं, सगळं त्या हेतूने. पहिला निबंध १८४७ चा, शेतातल्या पिकांमध्ये गंधक आणि फॉस्फरस किती असतो यावर. दगडाशी त्याचा काही संबंध नाही. त्यातून एवढंच दिसतं की मोजण्याची सवय आधी लागली आणि दगड नंतर आले.

पैशाची गोष्ट मी मुद्दाम मांडतो आहे. त्या काळच्या शेफील्डमध्ये घासणं हा जीवघेणा धंदा होता. कोरड्या सहाणेवर काटेचमचे घासणारे कारागीर दगडाची आणि लोखंडाची धूळ छातीत जाऊन ऐन तारुण्यात मरत. तिथल्या डॉक्टरांनी हे १८४० च्या दशकातच लिहून ठेवलं होतं. मोठ्या अवजारांचं काम बरंचसं ओल्या सहाणेवर चाले, त्यामुळे तिथली अवस्था तितकी वाईट नव्हती. तरी सॉर्बीला मिळालेली मोकळीक याच शहरातल्या घासकामातून आली होती. त्याच शहरात, तीच क्रिया, एक जण पोटासाठी करत होता आणि एक जण जिज्ञासेपोटी. सॉर्बीच्या कामाबद्दल मला मनापासून आदर आहे, आणि म्हणूनच हे झाकून ठेवावंसं वाटत नाही.

स्लाइडचं वेड

सॉर्बी मोठा होत होता तेव्हा ब्रिटनमध्ये सूक्ष्मदर्शक ही सुखवस्तू घरांतली हौसेची वस्तू बनत चालली होती. १८३९ मध्ये लंडनला मायक्रोस्कोपिकल सोसायटी स्थापन झाली आणि तिनेच ३ इंच बाय १ इंच हे काचपट्टीचं माप रूढ केलं. आज आपल्या कॉलेजांतल्या जीवशास्त्राच्या स्लाइड त्याच मापाच्या असतात. १८४५ मध्ये काचेवरचा कर उठला, काच स्वस्त झाली. झाकायला लागणारी अतिपातळ काच बाजारात मिळू लागली. कॅनडा बाल्सम, म्हणजे उत्तर अमेरिकेतल्या एका झाडाचा पारदर्शक डिंक, चिकटवण्यासाठी सर्रास वापरात आला. वाळल्यावर त्याची प्रकाश वाकवण्याची क्षमता काचेच्या जवळ जाते, त्यामुळे मधली सीमा डोळ्याला जाणवत नाही.

लंडनमध्ये स्लाइड बनवून विकणारे व्यावसायिक होते. पिसू, माशीची जीभ, फुलपाखराच्या पंखावरचे खवले, डायटम या शेवाळांची नक्षीदार कवचं असा त्यांचा माल असे, रंगीत कागदात नीट गुंडाळलेला. हौशी मंडळी त्या स्लाइड विकत घेत आणि संध्याकाळी पाहुण्यांना दाखवत. त्यात वाईट काहीच नव्हतं. पण विकत घेतलेल्या स्लाइडवर काय बघायचं ते बनवणाऱ्याने आधीच ठरवलेलं असतं. सॉर्बीने विकत न मिळणारी स्लाइड बनवायला घेतली, कारण त्याला पडलेला प्रश्न कोणत्याच दुकानात नव्हता.

अर्थात हे आकाशातून पडलं नाही. एडिंबरोच्या विल्यम निकॉलने त्याच्या कितीतरी आधी दगड झालेल्या लाकडाचे पातळ छेद घेऊन झाडांची जात ओळखण्याची पद्धत बसवली होती. १८२८ मध्ये ध्रुवित, म्हणजे एकाच प्रतलात कंप पावणारा, प्रकाश मिळवून देणारा लोलकही त्यानेच बनवला. मँचेस्टरचा निसर्गअभ्यासक विल्यम क्रॉफर्ड विल्यमसन जीवाश्म झालेले दात, हाडं, खवले यांचे छेद घेत असे, आणि घासण्याची हातोटी सॉर्बीने त्याच्याकडून उचलली. म्हणजे तंत्र तयार होतं. पण ते एके काळी जिवंत असलेल्या वस्तूंसाठी वापरलं जात होतं. साध्या, निर्जीव खडकावर ते चालवून बघावं हे सॉर्बीला सुचलं.

ढलपीपासून स्लाइडपर्यंत

ही प्रक्रिया सविस्तर सांगायला हवी, कारण सॉर्बीचं सगळं यश या हातकामात आहे.

आधी हातोडीने दगडाची ताजी, न कुजलेली ढलपी काढायची. धातूच्या सपाट पत्र्यावर एमरीची भुकटी आणि पाणी घेऊन तिची एक बाजू सपाट करायची. एमरीत मुख्यतः कुरुंद असतो, म्हणून ती क्वार्ट्झ, म्हणजे गारेच्या कठीण खनिजालाही कापते. भुकटी क्रमाने बारीक करत जायची, आणि प्रत्येक वेळी ढलपी, पत्रा, हात सगळं स्वच्छ धुवायचं. जाड भुकटीचा एक कण राहिला तरी पुढच्या पायरीवर तो ओरखडा पाडतो. शेवटची गुळगुळी स्कॉटलंडच्या एअर नदीकाठी मिळणाऱ्या बारीक पोताच्या दगडावर आणायची. मग ही गुळगुळीत बाजू गरम बाल्समने काचपट्टीवर चिकटवायची. बाल्सम कमी तापला तर चिकट राहतो आणि ढलपी सरकते. जास्त तापला तर ठिसूळ होतो आणि घासताना नमुना उखडून येतो. मध्ये हवेचा बुडबुडा राहिला तर तिथे भोक पडणार हे नक्की.

नंतर दुसरी बाजू घासायला घ्यायची, आणि खरी परीक्षा इथे आहे. सॉर्बी इंचाच्या सुमारे एक हजारांश भागाइतक्या जाडीपर्यंत जात असे, म्हणजे आजच्या हिशेबात साधारण ०.०२५ मिलिमीटर. आजचं प्रमाणित थिन सेक्शन ०.०३ मिलिमीटरचं असतं. आमच्याकडे हिऱ्याची करवत असते, फिरती चकती असते, आणि क्वार्ट्झचे रंग पिवळ्यावरून करड्या-पांढऱ्यावर आले की थांबायचं हा आडाखा हाताशी असतो. तरीही कडा एका बाजूने पातळ होत जातात आणि क्षणभर लक्ष चुकलं तर सगळा नमुना घासून नाहीसा होतो. सॉर्बीकडे यातलं काही नव्हतं. बोटांचा दाब आणि डोळा, एवढंच. ज्यांनी स्वतः एखादं सेक्शन घासलं आहे त्यांना हे वाचताना बोटांच्या टोकांना आठवण होईल.

कष्ट मोठे होते, पण दिसलं तेही मोठं. बाहेरून काळपट, एकजीव वाटणारा खडक आत वेगवेगळ्या खनिजांच्या कणांचा असतो. त्या कणांच्या कडा, एकमेकांत घुसण्याची पद्धत, कोण आधी बनलं आणि कोणी उरलेली जागा भरली, हे सगळं त्यात उघडं पडतं. त्याचा पहिला खडकविषयक निबंध यॉर्कशरच्या किनाऱ्यावरच्या चुनखडीयुक्त वालुकाश्मावर होता, १८५१ चा.

लोक हसले. आल्प्सचा जुना अभ्यासक सोस्यूर याचं एक वचन त्यांनी सॉर्बीला ऐकवलं: डोंगर सूक्ष्मदर्शकातून तपासणं बरं नव्हे. सॉर्बीने हे उतारवयात स्वतः सांगितलं, आणि पुढे म्हणाला की सुदैवाने मी त्यांच्याकडे मुळीच लक्ष दिलं नाही. लक्ष न देणं त्याला परवडत होतं, हेही खरं. एखाद्या पगारी सर्वेक्षकाला वरिष्ठांनी हसून सांगितलं असतं की हे सोड आणि नकाशा पुरा कर, तर त्याला सोडावं लागलं असतं.

पाटीचा दगड का फाटतो

पहिला मोठा निकाल स्लेटवर लागला. शाळेत आपण ज्या दगडी पाटीवर अक्षरं गिरवली तोच हा दगड. तो पातळ फळ्यांत सुटतो, पण नवल असं की ज्या थरांत गाळ साचला त्या थरांना धरून तो सुटत नाही. थरांना छेदणाऱ्या वेगळ्याच दिशेने सुटतो. असं का व्हावं याबद्दल त्या काळी स्फटिकीकरणाच्या, चुंबकत्वासारख्या गूढ बलांच्या कल्पना लढवल्या जात होत्या.

सॉर्बीने स्लेटचे छेद घेतले. त्याला दिसलं की अभ्रकाच्या सूक्ष्म पापुद्र्यांनी एकच दिशा धरली आहे आणि दगड त्याच दिशेने फुटतो. दगडातले मूळचे गोल हिरवट ठिपके दाबून लंबगोल झालेलेही त्याने मोजले. एवढ्यावर तो थांबला नाही. मऊ पांढऱ्या मातीत लोह ऑक्साइडचे चपटे कण मिसळून त्याने गोळा केला आणि दाबला. कण वळले आणि दाबाच्या दिशेला काटकोनात रांगेत आले. म्हणजे डोंगर उचलले जाताना जो प्रचंड दाब पडला त्यानेच स्लेटला फुटण्याची दिशा दिली. १८५३ साली हे छापून आलं.

त्याची कामाची रीत या एका उदाहरणात पुरी सापडते: आधी स्लाइड, मग मोजमाप, मग तीच गोष्ट हाताने घडवून बघणं. ‘या दगडाचं नाव काय’ असं त्याने फारसं विचारलं नाही. तो विचारायचा, ‘हा असा कसा झाला?’

क्वार्ट्झमधला बुडबुडा

१८५८ चा निबंध मला त्याच्या सगळ्या कामात श्रेष्ठ वाटतो. विषय होता स्फटिकांच्या आत अडकलेले द्रवाचे सूक्ष्म थेंब.

ग्रॅनाइटमधला क्वार्ट्झ पातळ घासून मोठ्या भिंगाखाली बघितला की त्यात असंख्य बारीक पोकळ्या दिसतात. पुष्कळांत पाणी असतं, काहींत मिठाचे इवले चौकोनी स्फटिकही असतात, आणि पाण्यात एक छोटा बुडबुडा असतो, कधी कधी हलणारा. सॉर्बीचा विचार असा: स्फटिक वाढत होता तेव्हा ही पोकळी गरम द्रवाने पूर्ण भरलेली असणार. स्फटिक थंड झाला, द्रव आकसला आणि रिकाम्या राहिलेल्या जागेचा बुडबुडा झाला. बाटलीत उकळतं सरबत काठोकाठ भरून बूच घट्ट लावलं आणि ती गार झाली की वर मोकळी जागा दिसते, तसंच. मग ही मोकळी जागा मोजून मूळचं तापमान काढता आलं पाहिजे. त्याने कृत्रिम क्षारांचे स्फटिक वेगवेगळ्या तापमानांना वाढवले, त्यांतल्या पोकळ्या तपासल्या आणि तुलना केली. लाव्हातल्या स्फटिकांत त्याला पाण्याऐवजी काचेचे थेंब सापडले, म्हणजे ते वितळलेल्या द्रव्यातून वाढले होते. ग्रॅनाइटमध्ये पाण्याच्या पोकळ्या होत्या. म्हणून ग्रॅनाइट नुसत्या कोरड्या आगीतून आलेला नाही. त्याच्या घडणीत उष्णता, दाब आणि पाणी या तिघांचाही हात आहे, असा निष्कर्ष त्याने काढला.

ग्रॅनाइट पाण्यातून आला की आगीतून, या वादात तोवर दोन पिढ्या भांडून झाल्या होत्या. त्याचं उत्तर एका मिलिमीटरच्या कितीतरी लहान भागात दडलेलं निघालं. निबंधाच्या शेवटी त्याने लिहिलं की वस्तूचा आकार आणि तिच्यातून मिळणाऱ्या सत्याचं मोल यांचा काही संबंध असलाच पाहिजे असं नाही. हसणाऱ्यांना दिलेलं हे उत्तर होतं, आणि त्यात राग नव्हता.

ही पद्धत नंतर बरीच वर्षं मागे पडली. तापमानासोबत दाबाचाही हिशेब धरावा लागतो आणि तो अवघड आहे. विसाव्या शतकात ती पुन्हा जोमाने वापरात आली. आज खनिजांचे साठे कोणत्या तापमानाच्या पाण्यातून बनले हे शोधताना स्लाइड गरम करतात आणि बुडबुडा कधी नाहीसा होतो ते बघतात. कल्पना तीच आहे.

शिष्य नसलेला गुरू

इतकं झाल्यावर ब्रिटनमध्ये थिन सेक्शनचा महापूर यायला हवा होता. तसं झालं नाही. सॉर्बी कुठे शिकवत नव्हता. त्याच्या घरी विद्यार्थी येत नव्हते, त्याने पाठ्यपुस्तक लिहिलं नाही, खडकांचं वर्गीकरण मांडलं नाही. त्याने एक प्रश्न सोडवला आणि तो पुढे गेला.

१८६० च्या दशकाच्या सुरुवातीला तो आईला घेऊन ऱ्हाईनकाठच्या सहलीला गेला. तिथे बॉनला त्याची फर्डिनांड झिर्केल या तरुणाशी गाठ पडली. झिर्केल तेव्हा पंचविशीचाही नव्हता. दोघे त्या भागात हिंडले, खडकांवर बोलले, आणि सॉर्बीने त्याला ही पद्धत समजावून दिली. झिर्केलने ती अंगी बाणवली. १८६३ मध्ये त्याने खडकांच्या सूक्ष्मदर्शकीय अभ्यासावर लिहिलं, पुढे लाइपझिगला प्राध्यापक झाला, पाठ्यपुस्तकं लिहिली, देशोदेशींचे विद्यार्थी घडवले. अमेरिकेने आपल्या पश्चिम भागातल्या सर्वेक्षणाचे खडक तपासायला त्याच्याकडे दिले. ब्रिटनमध्ये जन्मलेली विद्या ब्रिटनला बरीचशी जर्मनीहून परत शिकावी लागली. मध्यंतरी बर्मिंगहॅमचा सॅम्युएल ऑलपोर्ट यांच्यासारखे काही हौशी लोक स्वतः सेक्शन घासत ती तेवत ठेवत होते.

ती सहल झाली नसती तर? असे प्रश्न इतिहासात फार ताणू नयेत. पद्धत छापून आलेली होती, कोणीतरी उचललीच असती. तरी एका विज्ञानशाखेचा प्रसार आईसोबतच्या सुट्टीतल्या गाठीभेटीवर अवलंबून राहावा, हा हौशी संशोधनाचा अंगभूत धोका मला इथे दिसतो. संस्था संथ असतात, पण त्या पुढच्या माणसाच्या हातात काम देतात.

आपल्याकडची गोष्ट इथे एका परिच्छेदापुरती जोडतो. पुण्यात किंवा नागपुरात भूशास्त्राचा विद्यार्थी पहिल्यांदा जे सेक्शन बघतो ते बहुधा दख्खनच्या बसाल्टचं असतं. रस्त्याला, भिंतीला, किल्ल्यांना वापरलेला तोच काळा कातळ. त्यात प्लॅजिओक्लेज या खनिजाच्या लांबट, पट्टेरी कांड्या आडव्यातिडव्या पडलेल्या असतात आणि मधल्या जागा ऑजाइट या दुसऱ्या खनिजाने भरलेल्या असतात. ‘क्रॉस्ड निकॉल्समध्ये बघ’, म्हणजे प्रकाश ध्रुवित करणारे दोन लोलक एकमेकांना काटकोनात ठेवून बघ, असं आमचे सर सांगत आणि आम्हीही आज तेच सांगतो, जरी सूक्ष्मदर्शकात निकॉलचे लोलक जाऊन पोलरॉइडच्या चकत्या आल्याला किती तरी वर्षं झाली. त्या एका वाक्यात निकॉल, सॉर्बी आणि झिर्केल तिघेही आहेत.

पोलाद: वीस वर्षं पडून राहिलेलं काम

प्रकरणाचा सर्वांत बोलका भाग हा आहे.

सॉर्बीला उल्कांचं आकर्षण होतं. दगडी उल्कांचे छेद घेऊन त्याने त्यातले गोल दाणे तपासले. हे एके काळी वितळलेले थेंब होते, जणू आगीच्या पावसाचे, असं त्याने पुढे १८७७ मध्ये मांडलं. आजही या दाण्यांबद्दलच्या कोणत्याही चर्चेत ही उपमा निघतेच. लोखंडी उल्का घासून आम्लात धरली की तिच्यावर पट्ट्यांची सुंदर जाळी उमटते, हे आधीच माहीत होतं. सॉर्बीने विचार केला: आकाशातल्या लोखंडाला आतून रचना आहे, तर शेफील्डच्या लोखंडाला का नसावी?

लोखंडातून उजेड जात नाही. म्हणून इथे पद्धत बदलावी लागली. नमुना सपाट घासायचा, क्रमाने गुळगुळीत करायचा, शेवटी आरशासारखी झिलई द्यायची, आणि मग अगदी सौम्य नायट्रिक आम्लात धरायचा. आम्ल एका घटकाला जास्त खातं, दुसऱ्याला कमी, त्यामुळे रचना उठून दिसते. झिलई देताना जोर लावला तर पृष्ठभागाचा धातू पसरतो आणि खरी रचना झाकून टाकतो, हे त्याच्या लक्षात आलं होतं. म्हणून तो घासण्यात घाई करत नसे. प्रकाश खालून देता येत नाही, तर वरून द्यायला हवा. त्यासाठी भिंगासमोर बसवायची परावर्तकाची योजना त्याने केली आणि लंडनच्या बेक कंपनीने ती बनवली.

१८६३-६४ मध्ये त्याने हे काम केलं आणि १८६४ मध्ये बाथ इथे भरलेल्या ब्रिटिश असोसिएशन या वैज्ञानिकांच्या संस्थेच्या अधिवेशनात लोखंड-पोलादाची सूक्ष्मचित्रं मांडली. पोलाद हा एकजीव पदार्थ नसून त्यात मऊ लोखंड, अतिशय कठीण असं एक संयुग आणि मोत्यासारखी झाक मारणारा तिसरा घटक असे वेगवेगळे भाग आहेत, हे त्यात दिसत होतं. जगातलं नावाजलेलं पोलाद बनवणारं शहर, त्याच शहरातला माणूस, आणि पोलादाच्या आत काय आहे हे पहिल्यांदा डोळ्यांनी दिसतं आहे. यावर शेफील्डच्या कारखानदारांनी काय केलं? जवळजवळ काहीच नाही. त्यांचा कारागीर तुकडा मोडायचा, मोडलेल्या बाजूचा दाणा बघायचा आणि पोलादाची प्रत सांगायचा. बहुतेक वेळा त्याचं बरोबर असायचं. सूक्ष्मदर्शकाची गरज त्यांना जाणवत नव्हती.

सॉर्बीनेही पाठपुरावा केला नाही. तो दुसऱ्या विषयाकडे वळला आणि ही चित्रं पडून राहिली. दोष दोन्हीकडे आहे असं मला वाटतं. कारखानदारांकडे बघण्याची इच्छा नव्हती, आणि सॉर्बीकडे पटवत बसण्याचं कारण नव्हतं. त्याला कंत्राट नको होतं, पेटंट नको होतं, बढती नको होती. मागे लागण्याची जी निकड गरजू माणसाला असते ती त्याच्याकडे नव्हती. ज्या मोकळेपणामुळे तो लोकांच्या हसण्याला बधला नाही, त्याच मोकळेपणामुळे हे काम तो सहज बाजूला ठेवू शकला.

मग रेल्वेचे रूळ, जहाजं, पूल सगळं पोलादाचं होऊ लागलं आणि पोलाद मोडतं तेव्हा का मोडतं हा प्रश्न महाग पडू लागला. १८७८ मध्ये जर्मनीत अडॉल्फ मार्टेन्सने स्वतंत्रपणे हीच वाट धरली. पॅरिसमध्ये फ्लोरिस ऑस्माँ काम करू लागला. १८८० च्या दशकात सॉर्बीने जुने नमुने पुन्हा हाती घेतले. या वेळी त्याने सुमारे ६५० पट मोठं करून बघितलं आणि तो मोत्यासारखा घटक उलगडला: मऊ लोखंड आणि कठीण संयुग यांच्या अत्यंत पातळ पापुद्र्यांची एकाआड एक रचना. झाक येत होती ती या पापुद्र्यांमुळे. थंड असताना ठोकलेलं लोखंड तापवलं की त्यात नवे स्फटिक वाढतात, हेही त्याने नोंदवलं. १८८७ मध्ये आयर्न अँड स्टील इन्स्टिट्यूटच्या नियतकालिकात त्याचा सविस्तर निबंध आला. आज अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला शिकवतात ते पर्लाइट म्हणजे हाच मोती-घटक, आणि त्याच्या एका अतिसूक्ष्म रूपाला सॉर्बाइट असं नाव मिळालं.

म्हातारपणी त्याने सांगितलं की त्या सुरुवातीच्या काळात एखादा रेल्वे अपघात झाला असता आणि रूळ काढून सूक्ष्मदर्शकाखाली बघा असं मी सुचवलं असतं, तर मला वेड्यांच्या इस्पितळात धाडण्याजोगा ठरवलं असतं. आता नेमकं तेच करतात.

रंग, चूक, आणि कबुली

मधल्या काळात तो रंगांच्या मागे होता. सूक्ष्मदर्शकाला वर्णपटदर्शक, म्हणजे प्रकाशातले रंग वेगळे करून दाखवणारं साधन, जोडून त्याने एक उपकरण बसवलं आणि लंडनच्या जॉन ब्राउनिंगने ते तयार केलं. रक्ताचे जुने डाग, पानगळीच्या पानांचे रंग, पक्ष्यांच्या अंड्यांच्या कवचातलं रंगद्रव्य, हाती लागेल ते त्याने त्यात बघितलं.

१८६९ मध्ये जरकॉन या रत्नखनिजाच्या वर्णपटात अनोख्या काळ्या रेषा दिसल्या. त्यावरून त्याने नवं मूलद्रव्य सापडल्याचं जाहीर केलं आणि त्याला जार्गोनियम नाव दिलं. पुढच्याच वर्षी त्याने स्वतः प्रयोग करून दाखवलं की त्या रेषा जरकॉनमधल्या अल्पशा युरेनियममुळे येतात, आणि आपला दावा रॉयल सोसायटीपुढे मागे घेतला. त्याचं पोट या शोधावर नव्हतं म्हणून माघार सोपी होती, असं कोणी म्हणेल. मला ते पटत नाही. त्याच्यापाशी गमावण्यासारखं नाव होतं. १८५७ पासून तो रॉयल सोसायटीचा सदस्य होता. त्याने चूक इतरांनी शोधायची वाट पाहिली नाही.

बोटीवरची प्रयोगशाळा

१८७४ मध्ये आई गेली. १८७८ मध्ये सॉर्बीने ‘ग्लिम्प्स’ नावाची ३५ टनी शिडाची बोट घेतली आणि त्यानंतर त्याचे उन्हाळे थेम्सच्या मुखाशी आणि पूर्व किनाऱ्यावरच्या खाड्यांमध्ये जाऊ लागले. लंडनचं सांडपाणी नदीत सोडलं जातं त्याचं पुढे काय होतं, हे त्याने बोटीवरून तपासलं आणि त्यासाठी नेमलेल्या शाही आयोगापुढे आपली निरीक्षणं मांडली. चिखलात आणि पाण्यात कोणते सूक्ष्म जीव किती आहेत यावरून घाण कुठवर पोचते आणि कशी नाहीशी होते याचा अंदाज घेणं, हे त्या काळी नवं होतं.

बोटीवर त्याने वेगळ्याच स्लाइड बनवल्या. समुद्री कृमी, जेलीफिश यांसारखे मऊ प्राणी तो काचेवर पसरून वाळवायचा आणि बाल्सममध्ये बंद करायचा, असे की त्यांचे नैसर्गिक रंग आणि आतले अवयव दिसत राहावेत, आणि जादूच्या कंदिलातून मोठ्या पडद्यावर दाखवता यावेत. त्यांतल्या काही शेफील्ड विद्यापीठाच्या प्राणिशास्त्र संग्रहालयात आजही आहेत. इंचाच्या हजारांशापर्यंत दगड घासणारे हात साठीनंतर कृमीचे नाजूक देह काचेवर मांडत होते, हे त्या स्लाइड बघितल्यावर खरं वाटतं. शेवटी शेवटी तो शिकवू लागला होता तो असा: भरलेल्या सभागृहात, आपल्याच गावातल्या लोकांना.

मानसन्मान पुष्कळ मिळाले. १८६९ मध्ये भूशास्त्रीय सोसायटीचं वोलस्टन पदक, १८७४ मध्ये रॉयल मेडल. १८७५ ते ७७ तो रॉयल मायक्रोस्कोपिकल सोसायटीचा अध्यक्ष होता आणि नंतर भूशास्त्रीय सोसायटीचाही. शेफील्डच्या फर्थ कॉलेजचं अध्यक्षपदही त्याच्याकडे आलं. पुढे त्याच कॉलेजातून शहराचं विद्यापीठ उभं राहिलं, त्यात त्याचा वाटा मोठा आहे.

शेवटची काही वर्षं अपघात आणि आजारपणामुळे घरात गेली. तरी गाळाचे खडक बनताना पाण्याचा वेग किती होता, कणांच्या मधली जागा किती आकसली, हे आकड्यांत मांडणारा दीर्घ निबंध त्याने पुरा केला. आयुष्यभराच्या नोंदींवर बेतलेला तो निबंध १९०८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याच वर्षी ९ मार्चला सॉर्बी वारला.

मृत्युपत्रात त्याने रॉयल सोसायटीला संशोधन शिष्यवृत्तीसाठी आणि शेफील्ड विद्यापीठाला भूशास्त्राच्या अध्यासनासाठी पैसे ठेवले होते. १९१३ मध्ये विल्यम जॉर्ज फर्नसाइड्स त्या अध्यासनाचे पहिले प्राध्यापक झाले आणि १९४५ पर्यंत त्यांनी तिथे विद्यार्थ्यांना शिकवलं.